लाल त्रिकोण : एका सरकारी चिन्हाचा हिशेब

१.
सत्तरीच्या किंवा ऐंशीच्या दशकात शाळेत गेलेल्या कोणालाही उलट्या लाल त्रिकोणाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. टोक खाली, तिन्ही बाजू समान, आणि शेजारी आई, वडील, मुलगा व मुलगी असे चार हसरे चेहरे. दवाखान्याच्या भिंतीपासून आगपेटीच्या वेष्टनापर्यंत हे चिन्ह सर्वत्र होते. भारत सरकारच्या एखाद्या खात्याने प्रचारासाठी घडवलेल्या चिन्हांत इतके घराघरांत पोहोचलेले दुसरे चिन्ह सहजी आठवणार नाही.

२.
सरकारी खात्यांनी प्रचारवस्तूंवर केलेल्या खर्चाची चर्चा बहुधा एकाच अंगाने होते : पैसा किती उधळला? दिनदर्शिका, पिशव्या, घड्याळे, फलक यांची बिले मोजली जातात आणि वाद तेथेच संपतो. लाल त्रिकोणाचा इतिहास याहून अवघड प्रश्न पुढे ठेवतो. सरकारने वस्तू हातात ठेवली, तेव्हा बदल्यात काय मागितले? या धाग्यात तोच हिशेब मांडला आहे.

३.
आरंभ १९५२ चा. त्या वर्षी भारताने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. सरकारी पातळीवर असे पाऊल उचलणाऱ्या देशांत भारत अग्रेसर होता. पैसा मात्र बेताचा होता. पहिल्या पंचवार्षिक योजनेत या कार्यक्रमासाठी अवघी ६५ लाख रुपयांची तरतूद होती आणि तीही पुरती खर्च झाली नाही. दवाखाने थोडे होते, प्रशिक्षित माणसे त्याहून थोडी होती, आणि विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हता.

४.
महाराष्ट्राला हा विषय नवा नव्हता. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी चालवले. त्यासाठी प्राध्यापकाची नोकरी गमावली, खटले सोसले, लोकनिंदा पत्करली. त्यांच्यापाशी ना अनुदान होते, ना भेटवस्तू. वाचकाला पटवून देणे एवढेच साधन होते. १९५३ मध्ये ते निवर्तले, तेव्हा सरकारी कार्यक्रम नुकताच रांगू लागला होता.

५.
सरकारी प्रचाराची पहिली दहा-बारा वर्षे फारशी फळली नाहीत. ‘छोटे कुटुंब सुखी कुटुंब’ या धर्तीचे उपदेश छापले जात, प्रत्येक प्रांताची चित्रे निराळी, वाक्ये निराळी. १९६१ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण सुमारे २८ टक्के होते. म्हणजे ज्यांच्यासाठी ही पत्रके छापली जात, त्यांतील बहुसंख्यांना ती वाचताच येत नव्हती. शिवाय ‘छोटे’ म्हणजे नेमके किती, हेही त्यांत सांगितलेले नसे.

६.
त्याच जनगणनेने दिल्लीला हादरवले. १९५१ मध्ये ३६ कोटी असलेली लोकसंख्या दहा वर्षांत ४४ कोटींच्या घरात गेली होती. पाठोपाठ १९६५-६६ चा दुष्काळ आला आणि अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाची वाट पाहण्याची पाळी आली. १९६६ मध्ये आरोग्य मंत्रालयात कुटुंब नियोजनाचे स्वतंत्र खाते निर्माण झाले. तिसऱ्या योजनेत २७ कोटींची असलेली तरतूद चौथ्या योजनेत ३१५ कोटींवर गेली. खात्याच्या हाती आता पैसा होता आणि डोक्यावर घाईचे ओझे होते.

७.
याच काळात खात्याच्या प्रचार शाखेत दोन माणसे एकत्र आली. एक सहायक आयुक्त धर्मेंद्र कुमार त्यागी, ज्यांना सारे दीप त्यागी म्हणत, आणि दुसरे फोर्ड फाउंडेशनचे सल्लागार फ्रँक वाइल्डर. दोघांचे निदान साधे होते. सरकार फार बोलते, फार तऱ्हांनी बोलते आणि नेमके काही सांगत नाही. त्यावर उपायही साधा होता : एकच खूण, एकच चित्र आणि एकच वाक्य, देशभर, सतत.

८.
वाक्य ठरले : ‘दो या तीन बच्चे, बस’. चित्र ठरले : चार चेहरे. खूण ठरली : उलटा लाल त्रिकोण. त्रिकोण निवडण्यामागे व्यवहार होता. तो कोणत्याही गावातल्या रंगाऱ्याला पट्टी लावून काढता येई. तो कोणत्याही धर्माचा, पक्षाचा वा जातीचा नव्हता. वाचता न येणाऱ्यालाही तो एकदा पाहून लक्षात राही. जिथे त्रिकोण दिसेल तिथे या विषयावर सल्ला मिळेल, एवढाच त्याचा अर्थ होता.

९.
मग त्रिकोण देशभर पसरला. भिंतींवर, रस्त्याकडेच्या फलकांवर, बसगाड्यांवर, आगपेट्यांवर, टपालाच्या प्रचारशिक्क्यांबरोबर. खात्याने एक हत्तीही या कामी लावला. त्याचेही नाव ‘लाल तिकोन’. अंगावर चिन्ह रंगवलेला हा हत्ती गावोगाव फिरे आणि सोंडेने पत्रके वाटी. लेखापरीक्षकाच्या भुवया उंचावतील असा हा खर्च होता. पण हत्ती पाहायला जमलेल्या माणसाला पत्रक घेऊन घरी जाण्याखेरीज दुसरे काही करावे लागत नव्हते.

१०.
त्यागी १९६९ मध्ये अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. कुटुंब नियोजनाचे काम करणारी ‘डीकेटी’ ही आंतरराष्ट्रीय संस्था त्यांच्याच नावाची आद्याक्षरे धारण करते. त्यांचा त्रिकोण भारताबाहेरही गेला. घाना, गांबिया, झिंबाब्वे अशा देशांनी कुटुंब नियोजनासाठी तीच खूण स्वीकारली. सरकारी कचेरीत तयार झालेल्या चिन्हाला असे भाग्य क्वचितच लाभते.

११.
त्रिकोणाच्या जोडीला आला ‘निरोध’. कोलकात्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत १९६४ मध्ये एक योजना आखली गेली : कंडोम हे औषध न समजता साबण-चहासारखा माल समजून विकावा. नावासाठी आधी ‘कामराज’ सुचवले गेले होते. अर्थ चपखल होता, पण काँग्रेसच्या तत्कालीन अध्यक्षांचे नावही कामराजच! ते सुचवणे अर्थातच मागे पडले आणि संस्कृत वळणाचा ‘निरोध’ शब्द आला.

१२.
१९६८ मध्ये निरोध बाजारात आला. सरकारने अमेरिका, जपान आणि कोरिया येथून ४० कोटी नग आणवले. किंमत ठेवली १५ पैशांना तीन. बाजारात त्याआधी एकेका नगाला सुमारे २५ पैसे पडत. वितरण सोपवले ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर, टाटा ऑइल मिल्स, युनियन कार्बाइड आणि सिगारेट विकणारी इंपीरियल टोबॅको यांसारख्या कंपन्यांकडे. ज्या गाडीतून चहाच्या पुड्या किराणा दुकानात जात, त्याच गाडीतून निरोधही जाऊ लागला.

१३.
येथे क्षणभर थांबून खर्चाचे स्वरूप पाहावे. भिंतीवरचा त्रिकोण, हत्ती, स्वस्त निरोध या सर्वांत सरकारचा पैसा जात होता आणि त्यातला काही वायाही गेला असेल. परंतु प्रत्येक ठिकाणी नागरिक मोकळा होता. भिंतीकडे पाठ फिरवता येत होती. १५ पैसे खिशातच ठेवता येत होते. नकार द्यायला काहीही मोजावे लागत नव्हते. प्रचार या शब्दाची मर्यादा तेव्हा पाळली जात होती.

१४.
परंतु याच खात्यात एक दुसरी खातेवहीही उघडलेली होती. १९५६ मध्ये मद्रास राज्याने नसबंदी करून घेणाऱ्या गरीब व्यक्तीला ३० रुपये देण्यास सुरुवात केली. कारण समंजस होते : शस्त्रक्रियेनंतर मजुरी बुडते, तिची भरपाई. हळूहळू शस्त्रक्रियेसाठी माणूस घेऊन येणाऱ्या ‘प्रेरका’लाही पैसे मिळू लागले. भरपाई आणि दलाली यांच्यातली रेघ तेव्हापासूनच पुसट होत गेली.

१५.
१९६६ मध्ये केंद्राने दर ठरवून दिले. राज्यांना प्रत्येक लूपमागे ११ रुपये, पुरुष नसबंदीमागे ३० रुपये आणि स्त्री नसबंदीमागे ४० रुपये. यातून रुग्णाला किती, डॉक्टरला किती आणि प्रेरकाला किती, हे राज्याने ठरवायचे. त्याच सुमारास राज्यांना पद्धतीनिहाय वार्षिक उद्दिष्टेही दिली जाऊ लागली. प्रचाराचे यश लोकांना किती कळले यावर मोजायचे की शस्त्रक्रिया किती झाल्या यावर, या प्रश्नाचा निकाल तेथेच लागला.

१६.
उद्दिष्ट आले की भेटवस्तू फार दूर नसते. १९६७ मध्ये कुटुंब नियोजनाचे मंत्री झालेले लोकसंख्याशास्त्रज्ञ श्रीपती चंद्रशेखर यांनी नसबंदी करून घेणाऱ्या प्रत्येक पुरुषाला ट्रान्झिस्टर रेडिओ देण्याची कल्पना जाहीरपणे मांडली. ट्रान्झिस्टर त्या काळी गावात मोजक्या घरी असे. वस्तू आता माहिती पोहोचवण्याचे साधन उरली नव्हती. ती मोबदला होऊ लागली होती.

१७.
मुंबई या बाबतीत पुढे होती. महापालिकेच्या कुटुंब नियोजन विभागाचे प्रमुख डॉ. डी. एन. पै यांनी शहरातील गर्दीच्या रेल्वे स्थानकांवरच नसबंदी केंद्रे सुरू केली. गिरणीचा पाळीवाला, हमाल, फेरीवाला अशा रोज तेथून जाणाऱ्या माणसाला गाठायचे, ही कल्पना होती. सोय मोठी होती, यात शंका नाही. पण गाडी पकडण्याच्या घाईत असलेल्या माणसाशी झालेला संवाद किती खोल जात असेल, हा प्रश्न उरतोच.

१८.
या वाटेचा कळस केरळात दिसला. एर्नाकुलमचे जिल्हाधिकारी एस. कृष्णकुमार यांनी १९७० च्या अखेरीस नसबंदीचे महाशिबिर भरवले आणि सुमारे १५ हजार शस्त्रक्रिया झाल्या. जुलै १९७१ च्या दुसऱ्या शिबिरात एका महिन्यात ६३ हजारांहून अधिक. मिरवणुका, करमणुकीचे कार्यक्रम, रोख रक्कम आणि भेटवस्तूंचा संच असा जत्रेचा थाट होता. देशोदेशीच्या तज्ज्ञांनी या शिबिराची वाखाणणी केली. इतर राज्यांनी नक्कल केली.

१९.
आकडे बोलके आहेत. १९७२-७३ मध्ये देशात सुमारे ३१ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. पुढच्या वर्षी निधीला कात्री लागली, महाशिबिरे आवरली गेली आणि १९७३-७४ चा आकडा सुमारे ९ लाख ४० हजारांवर कोसळला. एका वर्षात लोकांचे मत एवढे पालटत नाही. थैली आटली आणि रांग आटली, एवढाच याचा अर्थ. ज्याला यश म्हटले गेले, ते पटवून दिल्याचे यश नव्हते.

२०.
रांगेत कोण उभे होते, हे सांगायला वेगळा अभ्यास नको. नोकरदाराला शंभर रुपयांच्या आसपासच्या रकमेसाठी शिबिरात जाण्याचे कारण नव्हते. दुष्काळात रोजगार बुडालेल्या मजुराला मात्र ती कित्येक दिवसांची मजुरी होती. कागदावर ‘स्वेच्छा’ असे लिहिलेले असले, तरी घरात दाणा नसताना हो म्हणणे आणि पोट भरलेले असताना हो म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारने उभारलेल्या शिबिरात हा फरक नोंदवण्याचा रकानाच नव्हता.

२१.
जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली. १६ एप्रिल १९७६ रोजी आरोग्यमंत्री डॉ. करणसिंह यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण मांडले. विवाहाचे किमान वय वाढवण्याची तरतूद त्यात होती. नसबंदीसाठीची रक्कमही वाढली : दोन अपत्यांनंतर १५० रुपये, तीननंतर १००, चार किंवा अधिक असल्यास ७०. आणि राज्यांनी सक्तीचा कायदा करावयाचे ठरवल्यास केंद्र आडवे येणार नाही, असेही त्यात सूचित होते.

२२.
आता देण्याची दिशाच उलटली. दिल्लीत रोख रकमेबरोबर तुपाचा डबा किंवा घड्याळ मिळे, पण त्याहून प्रभावी ठरले ते काढून घेण्याचे भय. शिक्षकांना माणसे आणण्याचा कोटा ठरवून दिला गेला आणि तो न भरल्यास पगार अडू लागला. झोपडी पाडलेल्याला पुनर्वसनाच्या भूखंडासाठी नसबंदीचा दाखला दाखवावा लागला. बक्षीस आणि दंड एकाच खिडकीतून मिळू लागले की त्या खिडकीला प्रचार केंद्र म्हणता येत नाही.

२३.
महाराष्ट्र यातून सुटला नाही. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९७६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारे विधेयक संमत केले. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची आणि ती न केल्यास तुरुंगवास, असा त्याचा गाभा होता. विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले आणि ती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पटवून देण्यावर आयुष्य वेचणाऱ्या कर्व्यांच्याच प्रांतात, त्यांच्या निधनानंतर तेवीस वर्षांनी, हे घडले.

२४.
१९७६-७७ मध्ये देशासाठीचे उद्दिष्ट सुमारे ४३ लाख शस्त्रक्रियांचे होते. प्रत्यक्षात ८० लाखांहून अधिक झाल्या. उद्दिष्टाच्या जवळजवळ दुप्पट काम केल्याचा असा दाखला सरकारी इतिहासात विरळाच. आणीबाणीनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. सी. शहा आयोगाने या दाखल्यामागचे चित्र नोंदवले. अविवाहितांवर झालेल्या शस्त्रक्रियांच्या शेकडो तक्रारी आणि नसबंदीशी निगडित १,७०० हून अधिक मृत्यूंच्या तक्रारी आयोगापुढे आल्या.

२५.
मार्च १९७७ च्या निवडणुकीत उत्तर भारतात काँग्रेस धुऊन निघाली. ‘नसबंदी’ हा शब्द त्या पराभवाचे एक मोठे कारण ठरला. नव्या सरकारने खात्याचे नाव बदलले. ‘कुटुंब नियोजन’ जाऊन ‘कुटुंब कल्याण’ आले. त्रिकोण मात्र राहिला. ज्या खुणेचा अर्थ ‘येथे सल्ला मिळेल’ असा होता, ती पाहून आता अनेक गावांत माणसे रस्ता बदलू लागली होती. रंग तोच, आकार तोच, अर्थ मात्र उलटला होता.

२६.
या साऱ्याची किंमत पुढे कोणी मोजली? पुरुष. नव्हे, स्त्रिया. आणीबाणीनंतर कोणत्याही सरकारला पुरुष नसबंदीचा आग्रह धरण्याचे धैर्य उरले नाही. उद्दिष्टे मात्र उरली, आणि ती स्त्रियांकडे वळली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के दिसते. वास्तविक पुरुषावरील शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी धोक्याची आहे.

२७.
उद्दिष्टांची पद्धत अधिकृतपणे मागे घेतली गेली १९९६ मध्ये. शिबिरे तरीही चालत राहिली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात नसबंदी शिबिरानंतर दहाहून अधिक स्त्रिया दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. एर्नाकुलमच्या कौतुकापासून या निकालापर्यंत पंचेचाळीस वर्षे जावी लागली.

२८.
त्यागींच्या त्रिकोणाला या सर्वांचा दोष देणे अन्यायाचे होईल. चिन्ह निर्दोष होते, किंबहुना उत्तम होते. स्वस्त निरोधानेही कोणाचे नुकसान केले नाही. बिघाड झाला तो वस्तूला अट चिकटली तेव्हा. मोबदल्याची रक्कम आणि भिंतीवरचा रंग एकाच खात्याच्या, एकाच कार्यक्रमाच्या खर्चात मांडले गेले. त्यामुळे एक कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. बिलावर रंग, रेडिओ आणि बादली सारखेच दिसतात.

२९.
म्हणून सरकारी प्रचारवस्तूंचा हिशेब मागताना रकमेपाशी थांबून भागत नाही. हत्तीवर झालेला खर्च वायफळ असेल, पण त्याने कोणाच्या शरीराला हात लावला नाही. महाशिबिराचा खर्च मात्र कागदावर सर्वांत ‘फलदायी’ होता. वस्तू नाकारणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न आधी विचारावा. त्याचे काहीच होत नसेल, तर तो प्रचार आहे. त्याचे काही जात असेल, तर ती वस्तू प्रचाराची राहिलेली नाही, मग तिच्यावर कोणतेही चिन्ह छापलेले असो.